काळीची पांढरी : रांजणगावच्या जमिनीचे तीन कागद

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात रांजणगाव नावाची दोन गावे आहेत. पहिले भीमेच्या काठचे रांजणगाव सांडस. त्याच्या नदीपलीकडे दौंड तालुका लागतो. दुसरे पुण्याहून अहिल्यानगरकडे, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरकडे, जाणाऱ्या रस्त्यावर पुण्यापासून सुमारे ५० किलोमीटरांवर वसलेले रांजणगाव गणपती. अष्टविनायकांपैकी महागणपतीचे स्थान म्हणून हे दुसरे रांजणगाव सर्व महाराष्ट्रास परिचित आहे, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तेच होय. तथापि देवस्थानाचे माहात्म्य सांगण्याचा आमचा हेतू नाही. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या गावाच्या शिवेत व शेजारच्या कारेगाव, ढोकसांगवी इत्यादी गावांच्या शिवेत मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली व जमिनीचा उपयोग पार पालटला. ह्या पालटाचा विचार अर्थशास्त्रज्ञ व नगररचनाकार करतातच. इतिहासाच्या अभ्यासकानेही तो का करावा, एवढेच येथे मांडावयाचे आहे.

जुन्या मराठी कागदांत गावाच्या भूमीचे दोन भाग सांगितलेले असतात. वस्तीची ती पांढरी आणि पिकाची ती काळी. पांढरीवर घरे, देवळे, चावडी. काळीवर जिराईत, बागाईत, पड व कुरण. दोहोंमधील सीमा सहसा हलत नसे. रांजणगावच्या टापूत ती आता हलली आहे. जेथे बाजरी, ज्वारी व मटकी पिके, तेथे कारखान्यांच्या छपरांखाली मोटारी, शीतकपाटे व विजेची उपकरणे तयार होतात. आणि वसाहतीच्या कुंपणाबाहेरच्या शेतांत भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या आहेत. काळीची पांढरी झाली, असे एका वाक्यात म्हणता येईल. परंतु तेवढ्याने इतिहास सांगून होत नाही. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, या प्रदेशात जमिनीचा कागद तीन वेळा मुळापासून बदलला. आणि एका अपवादाखेरीज प्रत्येक बदलात जमिनीवर हक्क सांगू शकणाऱ्यांची यादी आखूड होत गेली. उपयोगातील पालटाचा परिणाम मोजावयाचा तर ह्या यादीवरून मोजला पाहिजे.

पहिला कागद पेशवाईच्या काळचा. त्या वेळी जमीन वीस पांडांचा बिघा व १२० बिघ्यांचा चाहूर या मापांनी मोजीत. एकाच शेतावर अनेकांचे हक्क एकावर एक बसलेले असत. मिरासदार पिढीजात कसणारा. उपरी हा कराराने कसणारा. पाटील, कुलकर्णी, देशमुख व देशपांडे यांचे वतनी हक्क निराळे. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, चांभार, महार आदी बलुतेदारांचा वाटा खळ्यावरच काढला जाई. देवाचा नैवेद्य व नंदादीप यांची तरतूद इनाम जमिनीतून होई. आणि सर्वांवर सरकारचा सारा. रांजणगावास देवस्थानामुळे ह्या हक्कांस आणखी एक पदर होता. थोरल्या माधवराव पेशव्यांनी येथे मूर्तीसाठी दगडी गाभारा बांधविला आणि सरदार किबे यांनी सभामंडप उभारिला, अशी सर्वमान्य परंपरा आहे. देवळाच्या दगडावर दात्यांची नावे राहतात. पण देऊळ वर्षानुवर्षे चालते ते जमिनीच्या उत्पन्नावर आणि गुरव, पुजारी व वाजंत्री यांच्या चाकरीवर, हे विसरता कामा नये.

ही व्यवस्था न्यायाची होती असे आम्ही म्हणत नाही. महार वतनदारास हाडकी-हाडोळ्याची जमीन मिळे ती चोवीस तासांच्या वेठीच्या बदल्यात, आणि त्याचे स्थान गावकुसाबाहेरच असे. उपऱ्यास मिरासदाराचा मान नव्हता. परंतु एवढे खरे की त्या कागदात ज्याचा हक्क लहान, त्याचेही नाव अथवा निदान त्याच्या जातीचा व कामाचा उल्लेख असे. शेत हे एका मालकाची वस्तू नसून अनेकांच्या वाट्यांचे स्थान होते.

दुसरा कागद इंग्रजी अमलातला. आरंभी प्रिंगल याने पुणे प्रांतात केलेली मोजणी फसली. त्यानंतर इ. स. १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड व विंगेट यांनी नवी पद्धत सुरू केली, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम पक्के झाले. प्रत्येक शेतास क्रमांक, मातीच्या प्रतीवरून आण्यांत दर्जा, तीस वर्षांसाठी ठरलेला सारा, आणि तो भरणारा एक खातेदार, असे तिचे स्वरूप. शासनाच्या दृष्टीने ही व्यवस्था सुटसुटीत होती. पण खळ्यावरच्या वाट्यांस ह्या कागदात रकाना नव्हता. बलुते रिवाजाने चालत राहिले. हक्क म्हणून मात्र ते कागदावरून उतरले. उलट खातेदाराच्या हाती एक नवी शक्ती आली. आता सर्व्हे नंबर विकता येई, गहाण टाकता येई, आणि दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याने तो जाऊही शके.

या शक्तीचा परिणाम रांजणगावच्या जवळच, शिरूर तालुक्यातीलच कर्डे या गावी, इ. स. १८७४ च्या डिसेंबरात दिसून आला. काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख याजवर मिळविलेल्या दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्यापायी देशमुखाचे घर गेले. गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. कोणी त्यांची शेते कसीना, न्हावी श्मश्रू करीना. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात चढलेला कापसाचा भाव १८६५ नंतर कोसळला होता, आणि १८६७ पासून पुणे जिल्ह्यात फेरआकारणीने सारा वाढू लागला होता. त्या दुहेरी ओढीत कर्ड्याचा वणवा पसरत गेला व १२ मे १८७५ रोजी सुपे येथे दंग्यास आरंभ झाला. शिरूर, भीमथडी व इंदापूर हे तालुके आणि नगरकडचे पारनेर व श्रीगोंदे ह्यांत तो फैलावला. दंगेखोरांचा मुख्य रोख सावकाराच्या जिवावर नव्हता. कर्जरोखे हिसकावून जाळण्यावर होता. कागदाने जमीन जाते हे त्यांस पक्के समजले होते. चौकशी समितीच्या अहवालानंतर १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला, आणि न्यायालयांस कर्जाचा मूळपासूनचा इतिहास तपासण्याचा अधिकार मिळाला.

येथे एका अभ्यासाचा उल्लेख अवश्य आहे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान यांनी इ. स. १९१७ मध्ये पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी प्रसिद्ध केली. तेथील सरासरी धारण १७७१ साली ४० एकर होती, १८१८ साली ती साडेसतरा एकरांवर आली व १९१५ च्या सुमारास अवघी ७ एकर उरली, हा त्यांचा निष्कर्ष पुढे शेतजमिनीच्या तुकडेबंदीवरील प्रत्येक चर्चेत उद्धृत होत आला आहे. त्यांची दुसरी पाहणी, नारायणराव कानिटकर यांच्या सहकार्याने केलेली, १९२१ साली प्रसिद्ध झाली. ती जातेगाव बुद्रुक या शिरूर तालुक्यातीलच गावाची होती. पहिले गाव शहराच्या छायेतले, दुसरे कोरडवाहू व दूरचे, म्हणून ही निवड. आज पिंपळे सौदागर हे पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीतील दाट उपनगर आहे. तेथे शेत शोधूनही सापडणे कठीण. आणि ज्या शिरूर तालुक्यात शहरापासून दूरचे गाव म्हणून पाहणी झाली, त्याच तालुक्यात कारखान्यांचे मोठे केंद्र उभे आहे. वाचकांनी ध्यानात घ्यावयाचे ते हे की, १७७१ चा आकडा मान यांस देता आला, कारण जुन्या दप्तरातील कागद शाबूत होते. तो कागद नसता तर १९१७ चे ७ एकर हा एक सुटा आकडा राहिला असता. घसरण कोणास दिसलीच नसती.

वर जो अपवाद म्हटला तो स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकातला. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट कायद्यात १९५६ साली दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला, आणि कसणारी कुळे त्या दिवशी जमिनीची मालक मानली गेली. गावकामगारांची कनिष्ठ वतने १९५८ च्या कायद्याने रद्द होऊन त्या जमिनी वतनदारांस नव्या शर्तीने परत देण्याची तरतूद झाली. म्हणजे ज्यांची नावे पूर्वी दुय्यम रकान्यांत होती, ती पहिल्या रकान्यात येऊ लागली. घोड नदीवर चिंचणी येथे धरण झाले, पुढे चासकमानचा कालवा आला, व पाणी मिळालेल्या शिरूरच्या गावांत ऊस दिसू लागला. पण जेथे कालवा पोहोचला नाही अशा माळरानाची शेती पावसावरच राहिली. १९७२ च्या दुष्काळात पुणे जिल्ह्याच्या या पूर्व भागातील शेतकऱ्यांनी खडी फोडून दिवस काढले, ही आठवण वृद्धांच्या तोंडी आजही आहे. जमीन नावावर झाली. पोट मात्र तिच्यावर भरेना.

तिसऱ्या कागदास ह्याच परिस्थितीत वाट मिळाली. महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम १९६१ साली झाला व १ ऑगस्ट १९६२ रोजी महामंडळ स्थापन झाले. या अधिनियमाच्या सहाव्या प्रकरणाप्रमाणे जमिनीची अधिसूचना निघते, हरकती ऐकल्या जातात, मग राजपत्रात प्रसिद्धी होताच जमीन सर्व भारांपासून मुक्त होऊन शासनाकडे निहित होते. महामंडळ तिचे भूखंड पाडून उद्योगांस देते. आणि देते तेही विकून नव्हे, बहुतकरून ९५ वर्षांच्या पट्ट्याने. रांजणगावची वसाहत १९९० नंतरच्या दशकात अशीच आकारास आली. फियाट व टाटा यांचा संयुक्त कारखाना, एल. जी., व्हर्लपूल, जेबिल अशा नावांनी ती आज ओळखली जाते. २०२२ च्या ऑक्टोबर महिन्यात केंद्र सरकारने येथे सुमारे २९७ एकरांवर इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या उत्पादनाचा समूह मंजूर केला. त्याचा अंदाजी खर्च ४९२ कोटी ८५ लाख रुपये सांगितला गेला. रांजणगावचा विस्तार अद्याप संपलेला नाही, हे त्यावरून उघड आहे.

इतिहासाच्या दृष्टीने येथे एक विलक्षण गोष्ट घडली आहे. १९५७ साली कुळाचा मालक झाला. त्यानंतर चाळीस वर्षेही पुरी झाली नाहीत तोच त्या जमिनीचा काही भाग पुन्हा पट्ट्याचा झाला. मालक सरकार, आणि पट्टेदार कारखाना. मधला शेतकरी मोबदला घेऊन कागदाबाहेर गेला. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर रद्द झालेले नाव कंसात घालण्याची रीत आहे. कंसातील नाव पुढील उताऱ्यावर उतरत नाही. ते शोधावयाचे तर फेरफाराची जुनी पाने उलटावी लागतात.

मोबदला ज्यास मिळाला त्याचा तरी फेरफारात उल्लेख राहतो. ज्याचे नाव त्या शेताच्या कागदावर कधी नव्हतेच, त्याचे काय? बांधावरचे गवत कापणारी मजूर बाई, सुगीनंतर रानात मेंढरे बसवून खताच्या बदल्यात धान्य घेणारा धनगर, अवजारे शेवटणारा लोहार, तोंडी करारावर अर्धेलीने कसणारा, यांचा निर्वाह त्याच शेतावर होता. अधिसूचनेच्या यादीत त्यांस स्थान नाही, कारण त्यांची नावे दुसऱ्या कागदानेच गाळली होती. लेकींचा प्रश्नही येथेच येतो. महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींस सहदायाद म्हणून हक्क दिला. केंद्राने तेच २००५ साली केले. ज्या दशकात येथील जमिनीस प्रथम मोठा पैसा आला, त्याच दशकात बहिणीचा हक्क कायद्यात आला. हक्क घेतलेल्या बहिणी किती व हक्कसोडपत्रे दिलेल्या किती, हे निबंधकाच्या दप्तरावरून एखाद्या अभ्यासकाने काढून पाहिले पाहिजे. ते काम सनदांच्या वाचनाइतकेच इतिहासाचे काम आहे.

लाभाची बाजू झाकणे हा अन्याय होईल. ज्या टापूतून दर दुष्काळात माणसे मुंबईची वाट धरीत, तेथे आता मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश व बिहार येथून माणसे कामास येतात. रोख मजुरी, दवाखाने, शाळा व वाहतूक वाढली. ज्यांची थोडी जमीन वसाहतीच्या कडेस राहिली, त्यांनी खोल्या बांधल्या. भाडे हेच त्यांचे बारमाही पीक झाले, आणि त्यास पावसाची वाट पाहावी लागत नाही. परंतु जमीन एकरांवरून गुंठ्यांवर आली, म्हणजे एकराचे ४० तुकडे झाले, की रस्ता, गटार व पाणी यांची सोय तुकडा पाडणारा करीत नाही. वसाहतीच्या आत नियोजनाचा अधिकार महामंडळास. बाहेर ग्रामपंचायत, जिल्हा परिषद व महसूल खाते. आणि २०१५ नंतर पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची हद्दही शिरूर तालुक्याच्या काही भागापर्यंत आली. शेतकऱ्यांच्या गावासाठी केलेली पंचायत हजारो परगावच्या कामगारांच्या वस्तीचा भार वाहते. त्या कामगारांपैकी पुष्कळांचे मत त्यांच्या मूळ गावी असते, व त्यामुळे पंचायतीत त्यांचा आवाज उमटत नाही. जुन्या भाषेत सांगावयाचे तर गावात उपरी पुन्हा आला आहे. फरक इतकाच की जुन्या उपऱ्याचा करार गावाशी असे, नव्या उपऱ्याचा बहुधा ठेकेदाराशी.

पाण्याचेही तसेच. शेतीसाठी म्हणून अडविलेल्या पाण्याच्या वाटपात आता वस्ती व कारखाने यांचा हिशेब शेतीबरोबर होतो. २००३ च्या राज्य जलनीतीने पिण्याच्या पाण्याखालोखाल उद्योगास स्थान दिले होते. २०११ मध्ये तो क्रम बदलून शेती दुसरी व उद्योग तिसरा ठरला. क्रम कागदावर फिरला, तरी विहिरीचे पाणी कागद पाहून वाहत नाही. घातक औद्योगिक कचऱ्याची विल्हेवाट लावणारा सामाईक प्रकल्प याच वसाहतीत आहे, आणि आसपासच्या गावांतून पाण्याच्या शुद्धतेविषयी तक्रारी निघत आल्या आहेत. तक्रार खरी की खोटी, हे ठरविण्यास वसाहतीपूर्वीच्या विहिरींची नोंद लागेल. तेथेही प्रश्न पुन्हा कागदाचाच आहे.

पुणे जिल्ह्यात जमीन व उद्योग यांचा झगडा नवा नाही. इ. स. १९२१ मध्ये टाटांच्या जलविद्युत योजनेच्या धरणाविरुद्ध मुळशीच्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. त्याचे पुढारी पांडुरंग महादेव बापट, ज्यांस सेनापती ही पदवी तेथेच मिळाली, ते रांजणगावच्या शेजारच्या पारनेरचे. सत्याग्रह फसला व धरण झाले. परंतु मुळशीची बाजू आज कळते, कारण सत्याग्रहींनी लिहून ठेविले. अलीकडे हडपसरजवळ मगरपट्ट्याच्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे ४०० एकर जमीन एकत्र करून स्वतःच नगर वसविले व त्यात भागीदार राहिले. खेड व शिरूर तालुक्यांतील काही गावांत विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन घेताना जमीनधारकांस विकसित भूमीत १५ टक्के हिस्सा देण्याची योजना निघाली. तिच्या अंमलबजावणीवरून शेतकऱ्यांची आंदोलने दीर्घकाळ चालली. ह्या तिन्ही प्रकरणांतून एकच गोष्ट निष्पन्न होते. शेताचे दुसरे काही होणे टळत नसेल, तरी कागदावरून कोणाचे नाव जावे व कोणाचे राहावे, हे मात्र माणसेच ठरवितात.

असो. आता कर्तव्याचा भाग. रांजणगाव, कारेगाव, ढोकसांगवी व आसपासच्या गावांतून पुढील कागद जमवून ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते : भूसंपादनाचे निवाडे व संयुक्त मोजणीचे तक्ते, १९९० पूर्वीचे हस्तलिखित सातबारे व फेरफार, इनाम व वतन जमिनींची खाती, देवस्थानाच्या नेमणुकांचे जुने कागद, हक्कसोडपत्रे, आणि पहिल्या पिढीच्या खोलीवाल्यांच्या भाड्याच्या वह्या. ह्यांखेरीज एक साधन असे आहे की जे कोणत्याही दप्तरात नाही. प्रत्येक शेतास नाव असे. कोणास विहिरीवरून, कोणास झाडावरून, कोणास कसणाऱ्याच्या पूर्वजावरून. सर्व्हे नंबराने ती नावे मारली नव्हती. भूखंड क्रमांकाने ती मारली जात आहेत. जुन्या गावनकाशाची प्रत पुढे ठेवून वृद्ध स्त्रीपुरुषांकडून ही नावे लिहून घेण्यास एका गावास फार तर एक उन्हाळा लागेल.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ मध्ये काढला तेव्हा मोडी रुमाल माळ्यांवर कसरीच्या तोंडी पडत होते. आजचे कागद छापील आहेत व त्यांच्या प्रतिमा यंत्रात आहेत, म्हणून ते आपोआप टिकतील, हा समज घातक आहे. उतारा चालू स्थिती दाखवितो. कंसातील नावे तो पुढे नेत नाही. शिरूर व दौंड तालुक्यांतील ज्या वाचकांच्या घरी असे कागद असतील, त्यांनी त्यांच्या नकला करून गावच्या वाचनालयात अथवा जवळच्या संशोधन संस्थेत ठेवाव्या, आणि ज्यांच्या घरी शेताचे नाव जाणणारे माणूस हयात असेल त्यांनी ते नाव यंदाच लिहून घ्यावे, अशी आमची विनंती आहे.